उंदराची साक्ष

श्रोतेहो, "जखम सेप्टिक झाली" हा शब्दप्रयोग आपल्या घरोघरी इतका रुळला आहे की, त्यातील मुख्य शब्द परका आहे याचे भानही आपणांस राहत नाही. पायात खिळा गेला, भोवतालचा भाग लाल झाला, पू धरला, ठणका लागला, म्हणजे सेप्टिक झाले. परंतु हाच जंतुदोष जखमेच्या हद्दीत न राहता जेव्हा साऱ्या देहाचा कारभार बिघडवू लागतो, तेव्हा डॉक्टर त्यास सेप्सिस म्हणतात. त्याच्याही पुढे जाऊन रक्ताचा दाब कोसळला आणि भरपूर सलाईन देऊनही तो सावरेना, म्हणजे त्या अवस्थेस सेप्टिक शॉक असे नाव आहे. येथे शॉक म्हणजे मनाला बसलेला धक्का नव्हे आणि विजेचाही नव्हे. मेंदू, मूत्रपिंडे, यकृत, हृदय या सर्वांना रक्ताचा पुरवठा करणारी व्यवस्थाच ढासळणे, असा त्याचा अर्थ आहे. या अवस्थेला पोहोचलेल्या रुग्णांपैकी शंभरांत चाळीस किंवा त्याहून अधिक दगावतात. २०१७ या एका वर्षात जगभर सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला व त्यांतील सुमारे १ कोटी १० लाख मृत्युमुखी पडले, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जगातील दर पाच मृत्यूंमागे एक, असे हे प्रमाण पडते.

अंधेरीपासून बोरीवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत आज अतिदक्षता विभाग असलेली रुग्णालये जागोजागी आहेत. त्यांच्या बाहेरच्या बाकांवर रात्र काढण्याचा प्रसंग ज्या कुटुंबावर येतो, त्याला पुष्कळदा एक चिठ्ठी हातात मिळते व सोबत काही शब्द ऐकावयास मिळतात. "हे इंजेक्शन महाग आहे. शरीरातील अमुक एन्झाइमांना ते आवर घालते. प्राण्यांवरील प्रयोगांत गुण चांगला आला आहे." घरातील वडीलधाऱ्यांना अशा वेळी होय म्हणावे की नाही हे कळत नाही, आणि विचारावे तरी काय हेही सुचत नाही. मी वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. मुलांना गणित आणि शास्त्राची प्राथमिक तत्त्वे शिकविण्यात माझा जन्म गेला. तेव्हा कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण "प्राण्यांवर गुण आला" या तीन शब्दांचा अर्थ किती आणि किती नाही, एवढे मात्र नीट उलगडून सांगता येईल असे वाटते. आजचे भाषण त्या तीन शब्दांपुरतेच आहे.

प्रथम एन्झाइम म्हणजे काय ते पाहू. मराठी शास्त्रग्रंथांत त्यास विकर असा शब्द आहे. दुधाला विरजण लावले की दही होते, भिजविलेल्या डाळीचे पीठ रात्रभरात फुगून येते. या घडामोडी सूक्ष्मजंतूंच्या पोटातील विकरांमुळे होतात. आपल्या देहातही अशी हजारो विकरे अहोरात्र काम करीत असतात. विकर स्वतः खर्ची पडत नाही. ते एका द्रव्याचे दुसरे द्रव्य होण्याची क्रिया अतिशय वेगाने घडवून आणते. प्रत्येक विकराच्या अंगी एक खाच असते. ठरावीक आकाराचे द्रव्य त्या खाचेत बसले म्हणजे काम होते. आता त्याच आकाराचा, पण उपयोगाचा नसलेला एखादा तुकडा त्या खाचेत जाऊन अडकला, तर काम थांबते. अशा तुकड्यास विकररोधक म्हणावे. आपल्या घरच्या औषधांच्या डब्यात असे विकररोधक पूर्वीपासून आहेतच. डोकेदुखीवरील ॲस्पिरिन हा विकररोधक आहे, हे जॉन वेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखविले. कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या गोळ्या विकररोधकच, आणि रक्तदाबावरील कित्येक गोळ्याही त्याच जातीच्या. आपल्या मुलुंड येथील होएक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात १९८० नंतरच्या दशकात एका भारतीय वृक्षातील द्रव्यावरून असाच एक विकररोधक घडविला गेला व तो पुढे कर्करोगावर तपासण्यात आला. सारांश, ही विद्या आपल्या उपनगरांना अपरिचित नाही.

आता सेप्सिसमध्ये विकरांचा संबंध कोठे येतो? येथे दोन पक्ष लक्षात ठेवावे. एका बाजूस रोगजंतू असतात. त्यांना जगण्यास व वाढण्यास त्यांची स्वतःची विकरे लागतात. दुसऱ्या बाजूस आपला देह. जंतू रक्तात शिरल्याची वर्दी मिळताच देह लढाईस उभा राहतो. पांढऱ्या पेशी प्रथिने विरघळविणारी विकरे बाहेर टाकतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील काही विकरे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करतात व त्यायोगे वाहिन्या सैल पडतात. आणखी काही विकरे ताप व सूज आणणारी द्रव्ये तयार करतात. बोटाच्या जखमेत हे सारे हितकारकच असते. पण तोच प्रकार एकाच वेळी सर्वांगभर सुरू झाला, म्हणजे रक्षकांच्याच हातून घर मोडू लागते. सेप्सिसची जी व्याख्या तज्ज्ञांनी २०१६ साली ठरविली तिचे सार हेच आहे की, जंतुसंसर्गाला देहाने दिलेले उत्तर ताळतंत्र सोडून गेल्यामुळे अवयव निकामी होऊ लागणे व प्राण धोक्यात येणे.

यावरून विकररोधक औषधांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग जंतूंच्या विकरांना अडविणारा, आणि दुसरा आपल्याच देहाच्या विकरांना अडविणारा. प्राण्यांवरील प्रयोगांची साक्ष पहिल्या वर्गाबाबत बरीचशी खरी ठरली आणि दुसऱ्या वर्गाबाबत ती वारंवार फसली. हा भेद का पडला हे समजले की, आपला प्रश्न अर्धा सुटला.

पहिल्या वर्गाची गोष्ट आपल्या परळलाच घडलेली आहे. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग उद्भवला, त्यानंतर वॉल्डेमार हाफकिन यांनी येथे प्लेगची लस तयार केली व १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, हे आपण जाणताच. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा आली व १९२५ पासून त्या संस्थेस हाफकिन यांचे नाव आहे. लस रोग येण्यापूर्वी उपयोगी; पण एकदा गाठ येऊन जंतू रक्तात भिनल्यावर वैद्यांच्या हाती फारसे काही नसे.

दरम्यान जर्मनीत गेरहार्ट डोमाक यांनी १९३२ साली उंदरांना प्राणघातक स्ट्रेप्टोकॉकस जंतू टोचून त्यांतील काहींना प्रॉन्टोसिल नावाचा एक तांबडा रंग दिला. रंग मिळालेले उंदीर वाचले. न मिळालेले दगावले. १९३५ साली हे प्रसिद्ध झाले आणि १९३९ साली डोमाक यांस नोबेल पारितोषिक जाहीर झाले. या प्रयोगातील एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हाच तांबडा रंग काचेच्या नळीत जंतूंवर टाकला तर काहीच घडत नसे. जिवंत देहात त्याचे तुकडे होत व त्यांतील सल्फानिलमाइड हा तुकडा जंतूंची वाढ रोखीत असे, हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९३५ सालीच सिद्ध झाले. केवळ काचेच्या नळीवर विसंबून राहते, तर हे औषध केराच्या टोपलीत गेले असते. प्राण्याचा देह हा प्रयोगशाळेत का लागतो, याचे याहून चांगले उत्तर शोधावे लागणार नाही.

हाफकिन संस्थेचे त्या वेळचे संचालक साहिब सिंग सोखी आणि त्यांचे सहकारी भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनी याच कुळातील सल्फाथायझोल हे औषध प्लेगचे जंतू टोचलेल्या उंदरांवर तपासले व त्याचा निष्कर्ष १९४० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मांडला. हेच दीक्षित पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. उंदरांनी जी साक्ष दिली ती माणसांतही टिकली. सल्फा औषधांनी प्लेगच्या रुग्णांचे मृत्युप्रमाण उतरले, आणि पुढे स्ट्रेप्टोमायसिन आल्यावर ते अधिकच उतरले.

सल्फा औषधे विकररोधक आहेत हे त्याच सुमारास कळू लागले होते. १९४० साली डोनाल्ड वुड्स यांनी दाखविले की, जंतूंना लागणाऱ्या एका द्रव्याशी सल्फाचे रूप इतके मिळते-जुळते आहे की, जंतूंचे विकर फसते व त्याच्या खाचेत सल्फाच जाऊन बसते. त्या विकराच्या साह्याने जंतू फोलिक आम्ल तयार करतात. ते बंद पडले की जंतूंची वाढ खुंटते. आपल्या देहात मात्र ते विकर मुळीच नाही; आपण फोलिक आम्ल पालेभाज्यांतून व इतर अन्नातून घेतो. म्हणून हा तुकडा जंतूंना जसा बाधतो तसा आपणांस बाधत नाही.

येथे उंदराची साक्ष का टिकली? कारण ज्या विकराची परीक्षा चालली होती ते उंदराचे नव्हते आणि माणसाचेही नव्हते. ते जंतूंचे होते. जंतू उंदराच्या रक्तात असो वा माणसाच्या, त्याचे विकर तेच राहते. उंदराने केवळ आपला देह रणभूमी म्हणून दिला.

दुसऱ्या वर्गाची कथा निराळी आहे. वेन यांच्या शोधानंतर हे स्पष्ट झाले की, ताप व सूज आणणारी कित्येक द्रव्ये एकाच जातीच्या विकराकडून तयार होतात आणि ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे त्यास अडवितात. मग सेप्सिसमध्येही तसेच करून पाहावे, हा विचार साहजिकच सुचला. प्राण्यांना जंतू किंवा जंतूंच्या कवचातील विष देऊन वर आयबुप्रोफेन दिले असता त्यांची स्थिती सुधारे व जगण्याचे प्रमाण वाढे. पुढे ४५५ रुग्णांवर याची रीतसर परीक्षा झाली व १९९७ साली ती प्रसिद्ध झाली. रुग्णांचा ताप उतरला, नाडीचा वेग कमी झाला. पण तीस दिवसांच्या अखेरीस औषध मिळालेल्यांपैकी शेकडा ३७ व न मिळालेल्यांपैकी शेकडा ४० दगावले होते. हा फरक इतका अल्प आहे की, त्यावरून औषधाने जीव वाचतो असे म्हणता येत नाही.

याहूनही गंभीर उदाहरण नायट्रिक ऑक्साइडचे आहे. या वायूमुळे रक्तवाहिन्या सैलावतात हे शोधून काढणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब कोसळतो तो बऱ्याच अंशी या वायूच्या अतिरेकामुळे. मग तो तयार करणारे विकरच अडविले तर? कुत्र्यांसारख्या प्राण्यांवर करून पाहिले, आणि कोसळलेला दाब खरोखरच वर चढला. हिशेब चोख दिसत होता. माणसांवरील परीक्षा ७९७ रुग्णांवर झाली व तिचा निकाल २००४ साली प्रसिद्ध झाला. दाब तर चढला. पण अठ्ठावीस दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी शेकडा ५९ मृत्यू पावले, व न मिळालेल्यांपैकी शेकडा ४९. प्रयोग मध्येच थांबवावा लागला. दाब मोजणाऱ्या यंत्रावरचा काटा सुधारला होता, रुग्ण सुधारला नव्हता.

असे का झाले? याची कारणे एकेक करून पाहणे बोधप्रद आहे.

पहिले कारण असे की, आपले विकर हे आपले वैरी नसते. जो वायू मोठ्या वाहिन्या सैल करून दाब पाडतो, तोच वायू सूक्ष्म वाहिन्या उघड्या ठेवून अवयवांपर्यंत रक्त पोहोचवितो. त्याचे विकर सरसकट बंद केले, तर नळाचा दाब वाढतो पण घराघरांत पाणी पोहोचत नाही. शत्रूच्या घरची चूल विझविली तर आपले काही बिघडत नाही. स्वतःच्या घरची चूल विझविताना ती कोणासाठी पेटली आहे हे पाहावे लागते.

दुसरे कारण उंदीर आणि माणूस यांच्या प्रकृतीतील अंतर. निरोगी माणसास ताप भरण्यास जंतूंच्या कवचातील विषाची जी मात्रा पुरते ती शरीराच्या दर किलो वजनामागे ग्रॅमच्या एक अब्जांश भागाच्या दोन-चारपट, इतकीच असते. उंदीर तिच्या लाखो पट मात्रा सोसतो. गटारात वावरणाऱ्या प्राण्याची ही सहनशक्ती निसर्गनियमाला धरूनच आहे. पण त्यामुळे त्याच्या देहातील लढाई आपल्या देहातील लढाईसारखीच असेल असे गृहीत धरता येत नाही. २०१३ साली अमेरिकेतील संशोधकांनी माणूस व उंदीर यांच्या पेशींतील हजारो जनुकांचे वर्तन ताडून पाहून, या दोहोंत साम्य फारच थोडे आहे असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी दोघा जपानी संशोधकांनी तेच आकडे निराळ्या रीतीने मांडून साम्य पुष्कळ आहे असे म्हटले. आकडे एकच, अनुमाने दोन! यावरून तज्ज्ञांमध्येही हा वाद किती जिवंत आहे हे दिसून येते.

तिसरे कारण प्रयोगाच्या मांडणीतले आहे, आणि ते सर्वांत सुधारण्याजोगे आहे. अतिदक्षता विभागातील रुग्ण बहुधा उतारवयाचा, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार जडलेला असतो. प्रयोगशाळेतील उंदीर तरुण, धडधाकट आणि एकाच वाणाचा. रुग्णालयात येणाऱ्याच्या देहात जंतू शिरून दिवस लोटलेले असतात. उंदराला औषध पुष्कळदा जंतू टोचण्याच्या आधी किंवा लगोलग दिले जाते. रुग्णाला प्रतिजैविके, सलाईन, प्राणवायू हे सारे मिळत असते. उंदराला कित्येक प्रयोगांत यांतले काहीच मिळत नाही. म्हणजे आपण उंदराला विचारतो एक, आणि त्याचे उत्तर लावतो दुसऱ्याच प्रश्नाला. मग साक्ष खोटी निघाली तर साक्षीदाराला दोष देता येईल काय?

ही उणीव ओळखूनच प्रयोगाच्या पद्धती बदलत गेल्या. पूर्वी शिरेतून नुसते विष टोचीत. १९८० च्या सुमारास उंदराच्या आतड्याचा आरंभीचा आंधळा कोपरा, ज्यास उंडुक म्हणतात, तो दोऱ्याने बांधून त्यास सुईने छिद्र पाडण्याची रीत रूढ झाली. माणसाचे अपेंडिक्स फुटून पोटात घाण पसरते, त्याच्याशी हे अधिक मिळते. २०१७ साली व्हिएन्ना येथे या विषयातील तज्ज्ञ एकत्र जमले व त्यांनी अशा प्रयोगांसाठी किमान नियम सुचविले. रुग्णाप्रमाणे प्राण्यालाही प्रतिजैविके व द्रवपदार्थ द्यावे, वेदनाशामके द्यावी, हा त्यांतील मथितार्थ. वेदनाशामके देणे ही दयेची गोष्ट आहेच; पण असह्य वेदनेने तळमळणाऱ्या प्राण्याच्या देहातील घडामोडी निराळ्या होतात, म्हणून ती शास्त्राचीही गरज आहे.

इतके सांगितल्यावर आता आपल्या जवळच्या उदाहरणाकडे वळू. प्रथिने विरघळविणारी जी विकरे पांढऱ्या पेशी बाहेर टाकतात, त्यांना आवर घालण्याची सोय देहाने स्वतःच करून ठेवलेली आहे. असे एक रोधक प्रथिन आपल्या रक्तात असते व त्याचा काही अंश मूत्रावाटे बाहेर पडतो. मानवी मूत्रातून ते शुद्ध करून घेतले म्हणजे युलिनास्टॅटिन हे औषध तयार होते. जपानमध्ये ते १९८० नंतरच्या दशकापासून स्वादुपिंडाचा दाह आणि शॉक यांवर वापरात आले. सेप्सिस झालेल्या उंदरांवरील अनेक प्रयोगांत त्याने फुप्फुसांची हानी कमी झाल्याचे व जगण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. परंतु आयबुप्रोफेनचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, तो एवढ्यावर समाधान मानणार नाही. तो विचारील की, माणसांत काय दिसले?

याचे उत्तर शोधण्याचा एक प्रामाणिक प्रयत्न आपल्याच देशात झाला. अंबरनाथ येथे कारखाना असलेल्या भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीच्या साह्याने, डॉ. दिलीप कर्नाड यांच्या पुढाकाराखाली, भारतातील सात रुग्णालयांत तीव्र सेप्सिसच्या १२२ रुग्णांवर युलिनास्टॅटिनची परीक्षा घेण्यात आली व २०१४ साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. काहींना हे औषध दर बारा तासांनी दोन लाख एकके याप्रमाणे पाच दिवस देण्यात आले. इतरांना त्याच्यासारखेच दिसणारे निरुपद्रवी द्रव्य देण्यात आले. कोणास काय मिळावे हे चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे ठरले होते. दोन्ही गटांस नेहमीचे सर्व उपचार चालूच होते.

आता थोडे गणित. किमान सहा मात्रा ज्यांना मिळाल्या त्यांचाच हिशेब केला, तर औषधाच्या गटात ५५ पैकी ४, म्हणजे शेकडा ७.३, व दुसऱ्या गटात ५९ पैकी १२, म्हणजे शेकडा २०.३ मृत्यू झाले. हा फरक केवळ नशिबाने पडण्याची शक्यता, रूढ मोजमापाने, शेकडा पाचांहून थोडी कमी ठरते. परंतु आरंभी ज्यांच्या नावे चिठ्ठी निघाली त्या सर्वांचा हिशेब केला, तर ५९ पैकी ६ व ६३ पैकी १३, म्हणजे शेकडा १०.२ व २०.६, असे आकडे येतात. औषधाचा काहीही परिणाम नसतानाही एवढा फरक नशिबाने दिसण्याची शक्यता येथे शेकडा ११ येते. शास्त्राच्या संकेताप्रमाणे एवढ्यावर "सिद्ध झाले" असा शिक्का मारता येत नाही.

या दोन हिशेबांत कोणता धरावा? परीक्षेला बसलेल्या मुलांपैकी पहिल्या पेपरनंतर जी उठून गेली त्यांना वगळून शाळेचा निकाल लावला, तर तो चांगलाच दिसणार. म्हणून सर्वांचा हिशेब हा अधिक कडक आणि अधिक विश्वसनीय समजला जातो. संशोधकांनी दोन्ही हिशेब उघडपणे मांडले, ही त्यांच्या सचोटीची गोष्ट होय. मग या परीक्षेतून निष्पन्न काय झाले? आशा बाळगावी असे काही दिसले, पण १२२ ही संख्या निर्णयास अपुरी पडली. उंदराच्या साक्षीला माणसांच्या साक्षीचा काहीसा दुजोरा मिळाला, आणि खटला पुढे चालविण्यास जागा झाली, एवढेच न्यायाने म्हणता येईल.

यावर कोणी विचारील की, साक्ष इतकी अनिश्चित असेल तर मुक्या प्राण्यांना यातना कशाला द्याव्या? हा प्रश्न भावनेचा म्हणून बाजूस सारण्यासारखा नाही. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने आपल्या देशात अशा प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती नेमण्याची तरतूद केली व १९९८ साली तिचे नियम झाले. त्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत एक समिती असावी लागते, तीत पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो आणि शास्त्रज्ञ नसलेला एक समाजहितदक्ष सभासदही असतो. रसेल व बर्च या दोघा इंग्रज लेखकांनी १९५९ साली सांगितलेली तीन सूत्रे या साऱ्याच्या मुळाशी आहेत. प्राण्यावाचून भागत असेल तर भागवावे. भागत नसेल तर कमीत कमी प्राणी वापरावे. आणि जे वापरावे त्यांना कमीत कमी यातना द्याव्या. २०२३ साली आपल्याकडील औषधविषयक नियमांत दुरुस्ती होऊन, प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर व तत्सम साधनांवर मिळविलेला पुरावाही ग्राह्य धरण्याची वाट मोकळी झाली.

माझ्या मते येथे दया आणि शास्त्र यांची दिशा एकच आहे. जो प्रयोग ढिसाळपणे आखला गेला, ज्यात तरुण उंदराला आधीच औषध देऊन मोठ्या यशाची बातमी करण्यात आली, त्या प्रयोगातील प्राणी फुकट गेला. आणि त्या बातमीवर भिस्त ठेवून ज्या रुग्णांना ते औषध दिले गेले, त्यांचीही हानी झाली. नेटका प्रयोग थोडे प्राणी घेतो आणि खरे उत्तर देतो. उंदराने एकदाच साक्ष द्यायची असते, आणि तीही प्राण देऊन. त्याला चुकीचा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता त्या रुग्णालयाबाहेरच्या बाकाकडे परत येऊ. ज्यांच्या हाती चिठ्ठी आली आहे त्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी नम्रपणे पण निःसंकोच विचाराव्या. हे औषध माणसांवर तपासले गेले आहे काय, की केवळ प्राण्यांवर? तपासले असल्यास त्याने नुसता ताप वा रक्तदाब सुधारला, की जगण्याचे प्रमाण वाढले? आणि ते नेहमीच्या उपचारांच्या जोडीला आहे ना, त्यांच्या जागी नाही ना? जाणता डॉक्टर या प्रश्नांनी रागावणार नाही. तो तुम्हांस उत्तर देईल, आणि उत्तर निश्चित नसेल तर तसेही सांगेल.

परंतु त्याहूनही महत्त्वाची गोष्ट त्या बाकावर येण्यापूर्वीची आहे. सेप्टिक शॉकमध्ये योग्य प्रतिजैविक मिळण्यास होणारा उशीर किती घातक ठरतो, हे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत दिसून आले. २,७३१ रुग्णांच्या त्या पाहणीत, रक्तदाब कोसळल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत उशिराच्या प्रत्येक तासामागे जगण्याचे प्रमाण सरासरी शेकडा ७.६ इतके उतरलेले आढळले. कोणत्याही नव्या विकररोधकाने एवढे मोल अद्याप सिद्ध केलेले नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर आपल्या मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची जी साथ आली, तिच्यातही साधा ताप म्हणून घरी काढलेला दिवस कित्येकांना भोवला असेल. म्हणून ताप असताना, किंवा अंग उलट गार पडले असताना, श्वास भरभर चालू लागला, माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत गेला, लघवी फारच कमी झाली, हातपाय थंड व निळसर दिसू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. मागच्या आजारातून उरलेली गोळी काढून देऊ नये. सरळ रुग्णालय गाठावे व "सेप्सिस तर नाही ना?" असे आपण होऊन विचारावे.

श्रोतेहो, जंतूंच्या विकरांना अडविणारे औषध परळच्या उंदरांनी आपल्या पदरात टाकले, तेव्हा प्लेगने पछाडलेल्या घरांना आधार मिळाला. आपल्याच देहाच्या विकरांना समजून उमजून आवर घालणारे औषध अजून शोधले जात आहे. ते सापडेल तेव्हा त्याच्या मागेही काही मुक्या जीवांची साक्ष असेलच. ती साक्ष नीट घ्यावी, जेवढी आहे तेवढीच मानावी, आणि तोवर ज्याचे मोल सिद्ध झालेले आहे त्या वेळेचा एक तासही वाया घालवू नये, एवढेच आपणांस सांगावयाचे होते.